रिंगणातल्या माणसाचा हिशेब

प्रश्न : ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीला विजेंदर सिंह आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची व्यावसायिक मुष्टियुद्धाची लढत मी प्रेक्षकांत बसून पाहिली होती. आता माझा मुलगा बॉक्सिंग शिकायला जाऊ लागला आहे. माझे वडील गिरणीत कामाला होते आणि सुटीत गावच्या जत्रेत कुस्त्या करीत. ते म्हणतात, ‘पैशासाठी माणसे झुंजवणे म्हणजे रोममध्ये ग्लॅडिएटरांना (लोकांच्या करमणुकीसाठी शस्त्रे घेऊन झुंजणाऱ्या लढवय्यांना) मरेपर्यंत लढवत, तसेच झाले.’ हे खरे आहे का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : वडिलांची काळजी रास्त आहे, मात्र रोममधली प्रत्येक झुंज मरणानेच संपे, हे खरे नाही. इ.स.पू. २६४ मध्ये ब्रूटस पेरा याच्या अंत्यविधीनिमित्त त्याच्या मुलांनी तीन जोड्या लढवल्या, ही तिथली पहिली नोंद. पुढे त्याचा रीतसर धंदा झाला. लढवय्यांचा मालक त्यांना पोसून, शिकवून, खेळ भरवणाऱ्याला भाड्याने देई. गायस या दुसऱ्या शतकातल्या कायदेपंडिताने या व्यवहाराचे उदाहरणच दिले आहे : लढवय्या धडधाकट परतला तर भाडे २० डिनारियस (रोमचे चांदीचे नाणे), मेला किंवा जायबंदी झाला, तर तो विकत घेतला असे धरून १,००० डिनारियस. मरण पन्नास पट महाग असल्यामुळे हरलेल्याला पुष्कळदा जीवदान मिळे. तो बोट वर करून शरण येई, पंच झुंज थांबवी आणि खेळ भरवणारा लोकांच्या ओरड्याचा कानोसा घेऊन निर्णय देई. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या भिंतींवर झुंजींचे निकाल खरवडलेले सापडले आहेत. नावांजवळ एकेक अक्षर आहे : ‘व्ही’ म्हणजे जिंकला, ‘एम’ म्हणजे हरला पण सोडला, ‘पी’ म्हणजे मेला. मला तरी गायसचा हिशेब या भिंतींपेक्षा अधिक अस्वस्थ करतो, कारण त्यात भरपाई आहे ती मालकाची; ज्याचा हात तुटला त्याची नाही.

आजचा मुष्टियोद्धा कुणाच्या मालकीचा नसतो, तो स्वतः करारावर सही करतो, आणि हा फरक फार मोठा आहे. पण शरीराला लागणारा मार सहीने कमी होत नाही. पडलेल्यावर प्रहार करू नये, हा नियम इंग्लंडमध्ये १७४३ साली आला. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंदांची मुदत आणली. हातमोज्यांनी मुख्यतः मारणाऱ्याची बोटे वाचतात. डोक्यात बसणारा हादरा त्यांनी थांबत नाही. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू चार दिवसांनी मरण पावला, आणि त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. त्या तीन फेऱ्या कमी व्हायला एक तरुण जावा लागला.

वडिलांच्या कुस्तीतही इनाम होते आणि भोवती हलगीच्या तालावर पेटलेले लोक होते, म्हणजे तीही करमणूकच. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधले, ते तर युरोपच्या प्रवासात ग्लॅडिएटरांच्या झुंजींचे रोममधले मैदान, कलोसियम, पाहून आल्यावर. परंतु कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो. समोरच्याला बेशुद्ध करणे हे तिथे जिंकण्याचे साधन नाही. मुष्टियुद्धात ते आहे, आणि माझ्या मते वडिलांना खुपते आहे ते नेमके हेच.

मुलाला एवढ्यावरून थांबवू नका. शिकाऊ मुलांचे बॉक्सिंग आणि तिकीट लावून होणारी लढत या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र एकदा स्वतः वर्गावर जाऊन सराव पाहा आणि प्रशिक्षकांना विचारा की, डोक्याला जोराचा मार बसलेल्या मुलाला ते त्याच दिवशी पुन्हा उतरवतात का, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत घेतात का, आणि मुलगा ‘मला काही झालेले नाही’ म्हणाला तर कुणाचे ऐकतात. जाताना वडिलांनाही सोबत न्या. जोड कशी लावली आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल.