कलम गळालं, म्हणून लगेच उत्परिवर्तन धरू नका

तुमचा प्रश्न असा आहे: ब्लॅक-सिक्स या प्रयोगशाळेतल्या शुद्ध (म्हणजे जवळपास सारख्याच जनुकांच्या) वाणाच्याच दोन उंदरांत शेपटीच्या कातडीचं कलम केलं आणि ते तीन आठवड्यांत गळून पडलं. मग ऊतक-जुळणीच्या, म्हणजे शरीर दुसऱ्याची कातडी स्वीकारेल की नाही हे ठरवणाऱ्या, जनुकात नवं उत्परिवर्तन (अचानक झालेला बदल) झालं असेल का, आणि असं किती वेळा होतं?

आधी सांगा, कातडी नराची आणि घेणारी मादी होती का? तसं असेल तर शोध तिथेच संपतो. ब्लॅक-सिक्सच्या माद्या आपल्याच वाणाच्या नराची कातडी नाकारतात. आइकवाल्ड आणि सिल्मसर यांनी हे १९५५ मध्येच दाखवलं होतं. कारण आहे एच-वाय प्रतिजन, म्हणजे फक्त नराच्या पेशींवर असलेली, मादीच्या शरीराला परकी वाटणारी खूण. दुसरी शंका, दोन्ही उंदीर एकाच वसाहतीतले होते ना? एकाच वाणाच्या पण वेगळ्या वाढवलेल्या शाखांत, म्हणजे उपवाणांत, पिढ्यांमागून पिढ्या फरक साचत जातात.

या दोन्ही शंका फिटल्या, तरच उत्परिवर्तनाकडे वळा. त्याचा दर मोजण्याची बेली आणि कोन यांची पद्धत मला फार आवडते. उंदरांचं वर्तुळ करायचं आणि प्रत्येकाने शेजाऱ्याला कातडी द्यायची. एखाद्याची कातडी शेजारी नाकारतो, तर देणाऱ्याला नवं प्रतिजन मिळालेलं असतं. तो स्वतःच शेजाऱ्याची कातडी नाकारतो, तर त्याचं काहीतरी हरवलेलं असतं. शुद्ध वाणात हरवणं दिसत नाही, कारण जनुकाची दुसरी प्रत शाबूत असते. म्हणून त्यांनी दोन वाणांच्या पहिल्या पिढीतले संकरित उंदीर वापरले; त्यांच्यात प्रत्येक वाणाची एकच प्रत असते, त्यामुळे ती बिघडली की लगेच कळतं.

त्यातून एच-२ संकुलातलं (उंदराच्या ऊतक-जुळणीच्या मुख्य जनुकांच्या गटातलं) के-बी हे जनुक विलक्षण चंचल असल्याचं दिसलं: साधारण ५,००० बीजपेशींमागे (शुक्राणू किंवा अंडपेशींमागे) १ बदल. तुलनेसाठी, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत रसेल यांनी उंदरांत तपासलेल्या ७ जनुकस्थानांचा सरासरी दर सव्वा लाखात १ च्या आसपास आहे. पण के-बीचा आकडा ऊतक-जुळणीच्या सगळ्या जनुकांना लावू नका. ही चूक मला वारंवार दिसते.

हा दर इतका जास्त का, याचं उत्तर डीएनए वाचल्यावर मिळालं. बीएम१ या उत्परिवर्तित वाणात के-बी प्रथिनाची १५२, १५५ आणि १५६ या जागांवरची अमिनो आम्लं एकदम बदललेली आहेत. तीन वेगळे अपघात इतके जवळजवळ होणं अशक्यप्रायच. त्याच गुणसूत्रावरच्या क्यू१० या जनुकातला छोटासा तुकडा जशाच्या तसा के-बीमध्ये उतरला होता. ही नक्कल बीजपेशी तयार होण्याच्या आधीच्या पेशीविभाजनांतही होते, म्हणून कधी कधी एकाच जोडीच्या अनेक पिलांत तोच बदल सापडतो.

तेव्हा देणारा उंदीर जिवंत असेल तर त्याला मारू नका. त्याची कातडी त्याच्या भावंडांवर आणि आईबापांवर लावून पाहा, घेणाऱ्याची कातडी देणाऱ्यावर लावून उलट कलमही करा, आणि दोघांच्याही शेपटीचा तुकडा डीएनएसाठी गोठवून ठेवा. कोणती कलमं टिकली ते इथे लिहा, पुढचं जुळवून पाहू.