रेघ एकच, हवामान दोन: हापूस, स्ट्रॉबेरी आणि कांद्याविषयीच्या प्रश्नांना उत्तर

अलीकडे आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न पिकाने वेगळे आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे: अक्षांशावरून पिकाबद्दल किती सांगता येते? म्हणून तिन्हींची उत्तरे एकत्र देत आहे.

कवठे महांकाळ तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे: "रत्नागिरी आणि आपली सांगली नकाशावर एकाच आडव्या रेषेत आहेत. म्हणजे ऊन सारखेच असणार. आता म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणीही आले आहे. तिकडून हापूसची कलमे आणून दोन एकर लावली, तर तसाच आंबा येईल का?"

तुम्ही नकाशा बरोबर वाचला आहे. रत्नागिरी 16.99 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सांगली 16.85 वर. दोन्हींमधले सरळ अंतर 130-135 किलोमीटरच्या आसपास. मे महिन्याच्या 7-8 तारखेला दोन्हीकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. वर्षातला सर्वांत मोठा दिवस दोन्हीकडे साधारण 13 तासांचा आणि सर्वांत लहान दिवस 11 तासांहून थोडा अधिक. अक्षांशावरून एवढे नक्की सांगता येते. त्या उन्हाचे पुढे काय होते, हे मात्र समुद्र, सह्याद्री आणि जमिनीची उंची ठरवतात.

रत्नागिरीला समुद्र सांभाळतो. पाणी हळू तापते आणि हळूच निवते, त्यामुळे तिथे मे महिन्यातही दुपारचे तापमान सहसा 32-33 अंशांच्या आसपास राहते, आणि जानेवारीच्या पहाटेही फार गारठा पडत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा 38-39 वर जातो आणि हिवाळ्यात पहाटे 13-14 पर्यंत उतरतो. काही रात्री त्याहूनही खाली. पावसाचे अंतर तर याहून मोठे आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर मोकळे होतात. रत्नागिरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारा वारा तापत आणि कोरडा होत जातो, म्हणून सांगलीच्या वाट्याला साधारण 600 मिलिमीटर उरतो आणि पूर्वेकडे सरकावे तसा तोही घटतो. हा फरक आपल्या जिल्ह्याच्या आतही दिसतो. शिराळा आणि जत जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण शिराळ्याच्या पश्चिमेला भाताची खाचरे आहेत आणि जतला बाजरी, डाळिंब.

हापूस आपल्याकडे जगतच नाही, असे मी म्हणणार नाही. झाड वाढते. हिवाळ्यातली थंडी मोहोराला पोषकच असते, त्या बाबतीत आपली हवा कोकणापेक्षा उणी नाही. अडचण फेब्रुवारीनंतर सुरू होते. फळ वाटाण्याएवढे असते तेव्हाच हवा कोरडी पडते, दुपारचा गरम वारा सुटतो आणि गळ वाढते. टिकलेल्या फळांवर उन्हाचे चट्टे पडतात. एप्रिल-मेमध्ये वळवाबरोबर गारपिटीची भीती असते ती वेगळीच. म्हैसाळचे पाणी मुळांना मिळते, हवेतला कोरडेपणा त्याने जात नाही. शिवाय जमीनही वेगळी आहे. हापूस कोकणात जांभ्याच्या, पाण्याचा चटकन निचरा होणाऱ्या, किंचित आम्लधर्मी मातीत वाढतो. आपल्या पूर्व भागात चुनखडी असलेली जमीन बरीच आहे, तिथे लोह कमी पडून पाने पिवळी होतात. हापूसला मुळात वर्षाआड फळण्याची खोड आहे, त्यात हा ताण वाढला की हिशेब बसत नाही.

बाजाराची बाजूही पाहा. हापूसला 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. तुमचा आंबा कितीही गोड निघाला, तरी त्या नावाचा लाभ तुम्हाला मिळणार नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला केशरचा आहे. कोरड्या हवेत तो हापूसपेक्षा भरवशाचा आहे. मुरमाड माळावर उन्हाळ्यातच 1 बाय 1 बाय 1 मीटरचे खड्डे घेऊन तापू द्या. पाऊस सुरू झाल्यावर गावठी आंब्याच्या कोया खड्ड्यातच रुजवा आणि रोप जागेवर जोमदार झाले की त्यावर कलम बांधा. अशा झाडाचे सोटमूळ शाबूत राहते आणि ते ताण सोसते. लागवड 5 बाय 5 मीटरवर, ठिबकसह. गरम वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला शेवरीची दाट ओळ आधीच लावा. हापूसची हौस असेल तर बांधाला चार झाडे जरूर लावा, दोन एकर नको.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. त्याच रेषेवर पश्चिमेऐवजी पूर्वेला नजर टाका. विजयपूर 16.83 अंशांवर आहे, उंची आणि पाऊस आपल्याशी मिळताजुळता, कारण तेही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तिथेही द्राक्ष, बेदाणा आणि डाळिंब आहे. द्राक्षवेल या अक्षांशावर युरोपातल्यासारखी थंडीत झोपी जात नाही, म्हणूनच तिकडेही आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करावी लागते. परतीचा पाऊस छाटणीनंतर गाठतो आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका वाढतो, हाही अनुभव सारखाच. नवे पीक निवडताना तिथल्या शेतकऱ्याचा अनुभव रत्नागिरीच्या अनुभवापेक्षा तुमच्या जास्त उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न फलटणहून आला आहे: महाबळेश्वर आणि फलटण एकाच अक्षांशावर, दोन्ही सातारा जिल्ह्यात, तर स्ट्रॉबेरी इकडे का नको? दोन्ही गावे 18 अंशांच्या किंचित खाली आहेत हे खरे. पण महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे आणि फलटण सुमारे 570 वर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश धरले, तर नुसत्या उंचीने पाच अंशांचा फरक पडतो. स्ट्रॉबेरीला फुलासाठी लहान दिवस आणि थंडी दोन्ही लागतात. दिवस तुमच्याकडेही तेवढाच लहान होतो, थंडी मात्र उशिरा येते आणि लवकर जाते. ऑक्टोबर अखेरीस ठिबक आणि मल्चिंगवर (जमिनीवरील आच्छादनावर) एक-दोन गुंठे लावून पाहा. फेब्रुवारीनंतर फळ लहान आणि मऊ होऊ लागेल, तेव्हा थेट विक्रीची सोय आधी करा आणि पहिल्याच वर्षी कर्ज काढू नका.

वाळवा तालुक्यातील एका ताईंनी थंड देशातले मोठ्या कांद्याचे बियाणे ऑनलाइन पाहिले आहे आणि ते इथे चालेल का, असे विचारले आहे. इथे उत्तर उलट आहे, कारण इथे निकाल अक्षांशच लावतो. ताई, त्या प्रकारचे बरेचसे वाण गड्डा धरण्यासाठी 14 तास किंवा त्याहून मोठा दिवस मागतात. आपला सर्वांत मोठा दिवस 13 तासांचा. पाणी, खत, फवारणी काहीही केले तरी पात वाढत राहील आणि गड्डा पोसणार नाही. ते बियाणे घेऊ नका. रब्बीसाठी एन-2-4-1, भीमा शक्ती किंवा भीमा किरण यांपैकी वाण निवडा. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरमध्ये गादीवाफ्यावर रोपे टाका आणि डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुनर्लागण उरका.

कोणतेही नवे पीक ठरवण्याआधी आपल्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) मागून घ्या. गेल्या काही वर्षांतले एप्रिलचे कमाल तापमान, जानेवारीचे किमान, दुपारची आर्द्रता आणि ऑक्टोबरचा पाऊस, हे चार आकडे ते पीक जिथे चांगले येते तिथल्या आकड्यांशेजारी लिहा. सोबत माती परीक्षणाचा अहवाल ठेवा, त्यात सामू (पीएच) आणि मुक्त चुन्याचे प्रमाण आवर्जून पाहा. हे कागद घेऊन तालुका कृषी कार्यालयात या, लागवडीचा आराखडा आपण बसून करू.