शिकारीचा रस्सा, पण शिकार नको

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. यजमानांचे मराठा लाइट इन्फंट्रीतले जोडीदार पुढच्या रविवारी साताऱ्याहून यायचे आहेत, बऱ्याच वर्षांनी. बेळगावच्या सेंटरात असताना ते आमच्याकडे आले की मामंजी शिकारीचा रस्सा करायचे. फोनवर अजून तीच आठवण काढतात. मामंजी आता नाहीत, कृती कुणी लिहून ठेवली नाही. गावातला एक जण ससा आणून देतो म्हणतोय. घ्यावा का?

उत्तर : वहिनी, ससा घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ससा, भेकर, रानडुक्कर, कशाचीच शिकार चालत नाही, आणि तुमच्या तालुक्यात तर २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. मामंजींच्या वेळी कुणी विचारत नव्हतं, एवढंच. इतक्या वर्षांनी आलेल्या पाहुण्याच्या ताटात गुन्हा कशाला वाढायचा?

गावठी बोकडाचं मटण आणा, तेही जरा थोरल्या बोकडाचं. कोवळं मटण या रस्स्यात विरघळून जातं. फरा, गर्दन आणि नळ्या मिळून एक किलो सांगा. हळद, मीठ, आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. मग चुलीवर जाड बुडाच्या पातेल्यात तेल, त्यात कांदा आणि वर मटण. त्याला सुटलेलं पाणी आटेपर्यंत परता. आता पातेल्यावर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. ते कढत झालं की तेच आत सोडायचं, ताटात पुन्हा नवं भरायचं. असं दीड तास तरी. कुकरच्या चार शिट्ट्यांत मटण शिजतं, पण त्या रस्स्याला ही चव येत नाही. पोरांसाठी थोडं अळणी आधीच काढून ठेवा.

गार पाणी मात्र थेंबभरही नको. एकदा निपाणीहून पाहुणे आले, मोजून ठेवलेल्यांपेक्षा दोन जास्त. मी घाईत तांब्याभर गार पाणी रस्स्यात ओतलं. कट गेला, मसाला तळाशी बसला. पाहुणे गुमान जेवले. ते गेल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "आज आमटी केलतीस काय?"

मसाल्याला रंगासाठी दहा-बारा बेडगी आणि तिखटाला चारच संकेश्वरी मिरच्या. दोन कांदे आणि लसणाचा एक अख्खा गड्डा निखाऱ्यात भाजा, वरची साल काळी पडली पाहिजे. अर्धी वाटी सुकं खोबरं, धणे, खसखस, मिरे, थोडं दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून पाट्यावर वाटा. शिकारीच्या रस्स्याची म्हणून जी चव आपल्या जिभेवर आहे, त्यातली निम्मी या करपलेल्या कांद्या-लसणाची आणि चुलीच्या धुराची. टोमॅटो घालू नका. शिकारीला निघालेला माणूस खिशात टोमॅटो घेऊन जात नव्हता.

वाटण वेगळ्या कढईत तेल सुटेपर्यंत परतून मटणात घाला, लागेल तेवढं कढत पाणी घाला आणि मंद जाळावर वीस मिनिटं ठेवा. तवंग वर आला की झालं.

साताऱ्याची गाडी कोल्हापूर, निपाणी करत येणार, म्हणजे वेळेवर यायची नाही. रस्सा तासभर आधीच करून चुलीच्या कडेला ठेवा, मुरला की आणखी चांगला लागतो. ज्वारीच्या भाकऱ्या मात्र पाहुणे पाय धुऊन आत आल्यावरच तव्यावर टाका. आणि ससाच होता ना, असं त्यांनी विचारलं तर बोकड होता म्हणून खरं सांगा, पण दुसरी वाटी वाढून झाल्यावर.