‘माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत’ : वाचकांचे प्रश्न

व्हॉट्सॲपवर आलेली कोर्टाची नोटीस मानायची का? निळी खूण झाली आहे.

मानायची. मेसेज पोचला आणि पीडीएफही उघडली हे निळ्या खुणांवरून दिसते, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी बजावणी ग्राह्य धरली होती. आजच वकील गाठा.

दावा चालू आहे आणि माझीच एक जुनी पोस्ट अडचणीची ठरेल. डिलीट करू?

नाही. कोर्टात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पोस्ट आहे तशी ठेवा आणि वकिलांना आधीच सांगा. उलटतपासणीत त्यांना ती पहिल्यांदा दिसू नये.

भावाने फसवणुकीच्या चॅटचे चाळीस स्क्रीनशॉट मला फॉरवर्ड केले. प्रिंट काढून दिले की झाले ना?

नाही झाले. हा गोंधळ दर आठवड्याला येतो, म्हणून सविस्तर सांगतो. स्क्रीनशॉटमधला मजकूर कोणीही बदलू शकतो. ‘एक्स्पोर्ट चॅट’मधून मिळते तीही साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये खोडता येणारी. म्हणून १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग ‘अ’ ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी अंक-अक्षरांची ओळखखूण, येते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ते मूल्य जुळत नाही. चॅट भावाच्या फोनवर झाली, तेव्हा भाग ‘अ’ भावाचा, तुमचा नव्हे.

जालन्यातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखाली हेच बजावले : मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून सिद्ध केले तर गोष्ट वेगळी, एरवी प्रमाणपत्र अनिवार्य. ज्याच्याकडे उपकरण आहे तो देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करता येतो.

तेव्हा फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ बंद करा. आणि ‘दहा मिनिटांत ६३चे प्रमाणपत्र’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. फोन न पाहताच सही ठोकणारा तज्ज्ञ साक्षीच्या पिंजऱ्यात दोन प्रश्नही टिकत नाही. भरण्याआधी मसुदा वकिलांना दाखवा.

बदनामी करणाऱ्याने खातेच बंद केले. आता?

नोंदणीची माहिती कंपनीला १८० दिवस ठेवावी लागते. त्याने स्वतः काढलेल्या पोस्टचा मात्र तसा भरवसा नाही. लिंक, खात्याचे नाव, तारीख-वेळ लिहून तक्रार याच आठवड्यात द्या.

घटस्फोटात नवऱ्याचे गुपचूप रेकॉर्ड केलेले बोलणे चालेल?

चालू शकते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे, आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १४ पुराव्याबाबत सैल आहे. पण ‘सगळ्या बायका असेच करतात’ असे ऐकून त्याचा पासवर्ड चोरून खात्यात शिरू नका; माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली उलट तुमच्यावरच तक्रार होईल. आधी सल्ला घ्या.