क्लासिक कार शोमध्ये येझदी मोटरसायकल किंवा जीप नेता येते का, की फक्त मोटारीच?

नेता येते की! नाव ‘कार शो’ असलं तरी बऱ्याच ठिकाणी जीप, स्कूटर, बुलेटही उभ्या असतात. फक्त आयोजकांना आधी विचारून घ्या. जुनी येझदी तर आपल्या कर्नाटकातलीच, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, ते बघायलाच पोरं गर्दी करतात.

२०२१ च्या केंद्रीय नियमांत ‘विंटेज’ म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी. शोवाले एवढे कडक नसतात, पण अलॉय व्हील आणि एलईडी पट्ट्या लावलेली प्रीमियर पद्मिनी मोटार मॉडिफाइडच्या रांगेतच बरी (माझं मत हं).

निपाणीवरून कोल्हापूरकडे नेणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी जवळ ठेवा.