वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा जुना टीव्ही

प्रश्न : घराला रंग द्यायचा असल्याने माळा रिकामा केला, तेव्हा पिक्चर ट्यूबचा जुना रंगीत टीव्ही, बंद पडलेला संगणक आणि काही मोबाइल निघाले. एका मोबाइलची बॅटरी फुगली आहे. भंगारवाला सगळे एकरकमी न्यायला तयार आहे. त्याला द्यावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : देऊ नये, आणि टीव्ही तर मुळीच देऊ नये. यात भंगारवाल्याला दोष देण्याचा हेतू नाही. त्याचे पोट त्यावर आहे. परंतु टीव्हीतून त्याला हवे असते ते पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि ते काढताना ट्यूब बहुधा फोडलीच जाते. ट्यूब आतून निर्वात असल्याने काचा जोराने उडतात. तिच्या मागील, नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे मिसळलेले असते. त्या काचेला गिऱ्हाईक नसल्यामुळे ती कुठेतरी ओढ्याकाठी जाऊन पडते. वायरींवरचे प्लॅस्टिक जाळून तांबे मोकळे करतात, तेव्हा निघणारा विषारी धूर सर्वांत आधी त्या कामगाराच्याच छातीत जातो.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू असून, त्यांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून प्रथम टीव्हीच्या कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारावे. कंपनीच बंद झाली असल्यास महापालिकेच्या घनकचरा विभागाकडे संकलनाची चौकशी करावी, किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्र शोधावे. पैसे कदाचित कमी मिळतील, ते मिळू द्यावेत. पावती मात्र मागून घ्यावी.

फुगलेल्या बॅटरीला उशीर करू नये. तो मोबाइल चार्ज करू नये, बॅटरी दाबू अथवा टोचू नये, आणि ती आतच बसवलेली असेल तर स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नये. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, पडदे व कागदांपासून दूर ठेवून तो मोबाइल वेगळा सुपूर्द करावा. घंटागाडीत तर कधीच टाकू नये, कारण कचरा दाबला गेला की अशी बॅटरी पेट घेते.

संगणकातील फाइली पुसल्या, तरी हार्ड डिस्कवरून त्या पुष्कळदा परत मिळवता येतात. आपला संगणक सुरूच होत नसल्याने जाणत्या माणसाकडून डिस्क काढून घ्यावी आणि ती मोडूनच द्यावी. सुरू होणाऱ्या मोबाइलमधून आपले खाते काढून तो फॅक्टरी रीसेट करावा; सिम व मेमरी कार्ड विसरू नये.

टीव्ही माळ्यावरून उतरवताना दोघांनी धरावा आणि पडदा आपल्या छातीकडे ठेवावा, कारण त्याचे बहुतेक वजन पुढच्या काचेत असते.