कला, संगीत आणि डिझाइन तिन्हींची आवड आहे, पण युरोपातलं एकच शहर बघता येणार आहे. कोणतं निवडू?

व्हिएन्ना. नुसती चित्रंच बघायची तर पॅरिस किंवा फ्लॉरेन्स सरस, पण या तिन्ही गोष्टी इतक्या खेटून दुसरीकडे मिळणं कठीण. १९००च्या सुमारास इथले चित्रकार, वास्तुरचनाकार आणि फर्निचर घडवणारे एकाच गोतावळ्यात वावरत होते. ‘सेसेशन’ या कलाकारांच्या गटाची १८९८ची इमारत बघा: वर सोनेरी पानांचा जाळीदार घुमट (लोक त्याला चक्क ‘कोबीचा गड्डा’ म्हणायचे) आणि तळघरात बेटहोवनच्या नवव्या सिंफनीवर चित्रकार क्लिम्टने १९०२ मध्ये केलेली, सुमारे ३४ मीटर लांबीची चित्रपट्टी. एका तिकिटात तिन्ही!

बाकी हे चुकवू नका:

- स्टेट ऑपेरा. सेसेशनपासून चालत जाता येतं. उभ्याने बघायचं तिकीट अगदी स्वस्त असतं. समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधून लोक जागा धरायचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, अगदी तसंच.
- वास्तुरचनाकार ओटो वाग्नरची पोस्टल सेव्हिंग्ज बँक. दर्शनी भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्यांचे बोल्ट न लपवता मिरवलेत.
- क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र, अप्पर बेल्व्हेडेर राजवाड्यातल्या संग्रहालयात. गर्दी असते, सकाळी लवकर गाठा.

फक्त जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा ऑपेराचा हंगाम बंद असतो. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी मात्र बरोबर हंगामात येते.